सरासरी ६२ टक्के, तरीही क्लस्टर भरलेले

कामावर आल्यावर सर्वांत आधी क्लस्टरची, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडून केलेल्या आमच्या साठवणीची, स्थिती पाहायची, ही माझी जुनी सवय आहे. त्या सकाळी तिथे एक इशारा उभा होता: एक ओएसडी ‘निअरफुल’ झाली आहे, म्हणजेच एक डिस्क ८५ टक्क्यांच्या वर भरली आहे. मला आधी ते खरेच वाटले नाही, कारण आदल्या आठवड्यातच मी एकूण वापराचा आकडा ६२ टक्के असल्याचे वरिष्ठांना लेखी कळवले होते आणि नवीन डिस्कची घाई नाही, असेही त्यात म्हटले होते. मग सेफ (Ceph) या आमच्या साठवण-सॉफ्टवेअरची ‘सेफ ओएसडी डीएफ ट्री’ ही आज्ञा चालवून मी प्रत्येक डिस्कची ओळ वाचायला बसलो. सतरा क्रमांकाची डिस्क ८७ टक्के भरलेली होती, एकोणतीस क्रमांकाची ३८ टक्के. दोन्ही ८ टीबीच्या, दोन्ही एकाच मॉडेलच्या, दोन्हींचे क्रश-वजन, म्हणजे डेटाच्या वाटपातला ठरवून दिलेला हिस्सा, शेवटच्या अंकापर्यंत सारखे. पुढचे काही आठवडे ही तफावत मिटवण्यात गेले.

आमचे क्लस्टर सेफचे आहे. चार सर्व्हर, प्रत्येकात नऊ डिस्क, अशा एकूण ३६ डिस्क, आणि प्रत्येक डेटाच्या तीन प्रती, तिन्ही वेगवेगळ्या सर्व्हरवर. सेफमध्ये कोणता तुकडा कोणत्या डिस्कवर आहे, याची मोठी यादी कुठेही ठेवलेली नसते. ती जागा ‘क्रश’ या अल्गोरिदमने दर वेळी गणित करून काढली जाते. सेज वील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत तो विकसित केला आणि २००६ साली त्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्रत्येक ऑब्जेक्ट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, आधी एका प्लेसमेंट ग्रुपमध्ये, म्हणजे पीजीमध्ये पडतो, आणि मग तो अख्खा पीजी क्रशच्या हिशेबाने तीन डिस्कवर बसवला जातो. यादी नसल्यामुळे क्लस्टर कितीही वाढले तरी प्रत्येक क्लायंट, म्हणजे क्लस्टर वापरणारे यंत्र, स्वतःच जागा शोधू शकतो, ही त्यातली मोठी सोय आहे. मात्र हे वाटप हॅशवर, म्हणजे नावावरून यादृच्छिक भासणारा आकडा काढणाऱ्या गणितावर चालते, आणि हॅशने केलेले वाटप सरासरीने समान असले तरी प्रत्येक डिस्कच्या वाट्याला समान येईलच असे नाही.

इथे मी कागद घेऊन हिशेब मांडला, आणि तो आधी कधीच मांडला नव्हता याचे मला मनापासून वाईट वाटले. आमच्या मुख्य पूलमध्ये, म्हणजे डेटा ठेवण्याच्या विभागात, २५६ पीजी होते. तीन प्रती धरल्या तर ७६८ आणि त्या ३६ डिस्कमध्ये वाटल्या तर डिस्कमागे सरासरी २१. क्लस्टरमध्ये प्रतींसह साधारण १७८ टीबी डेटा होता, म्हणजे पीजीची एकेक प्रत सुमारे २३२ जीबीची, आणि ८ टीबीच्या डिस्कवर तिने व्यापलेली जागा २.९ टक्के. सतराव्या डिस्कवर तीस पीजी होते: ३० गुणिले २.९, बरोबर ८७. एकोणतिसाव्या डिस्कवर तेरा होते: ३८. डिस्कमध्ये काही बिघाड नव्हता, वजने चुकलेली नव्हती, कोणी एकाच फोल्डरमध्ये अफाट डेटा ओतलेला नव्हता. सरासरी एकवीस चिठ्ठ्यांचे यादृच्छिक वाटप केले की कोणाला तेरा आणि कोणाला तीस येणारच, कारण अशा वाटपातला नेहमीचा विखुरा सरासरीच्या वर्गमूळाइतका, म्हणजे इथे साडेचारच्या आसपास असतो.

आणि २५६ हा आकडा आला कुठून? क्लस्टर सुरू झाले तेव्हा प्रत्येक सर्व्हरमध्ये तीनच डिस्क होत्या, एकूण बारा. बारा डिस्कवर ७६८ प्रती म्हणजे डिस्कमागे ६४. तेव्हा तो आकडा योग्यच होता. पुढे सर्व्हरमधले रिकामे कप्पे भरत गेले, डिस्क तिप्पट झाल्या, पण पीजी तेवढेच राहिले. सेफच्या २०१९ च्या नॉटिलस आवृत्तीपासून पीजींची संख्या सुचवणारा ऑटोस्केलर आला आहे. परंतु चालू संख्या आणि त्याच्या मते योग्य असलेली संख्या यांत तिपटीहून अधिक फरक असल्याशिवाय तो तोंड उघडत नाही, आणि तो हिशेब पूलच्या प्रत्यक्ष वापरावरून करत असल्याने आम्ही त्या मर्यादेच्या आत बसत होतो.

या असमतोलाची खरी किंमत ‘सेफ डीएफ’च्या एका रकान्यात दिसत होती. पूलमध्ये अजून किती डेटा मावेल, याचा ‘मॅक्स अव्हेल’ हा आकडा सरासरीवरून काढलेला नसतो. सर्वांत आधी भरणाऱ्या डिस्कवरून तो निघतो, कारण एक जरी डिस्क ९५ टक्क्यांवर गेली तरी लिहिणे थांबते. सतराव्या डिस्कला ९५ पर्यंत जायला ८ टक्के, म्हणजे ०.६४ टीबी उरले होते. त्याला ३६ ने गुणून ३ ने भागले की ७.७ टीबी येतात, आणि रकान्यातही जवळपास तोच आकडा होता. वाटप समान असते तर हाच आकडा ३१ टीबीच्या वर असता. म्हणजे विकत घेतलेल्या, वीज खात असलेल्या, रोज फिरणाऱ्या डिस्कवरची वापरता येण्याजोगी चोवीस टीबी जागा केवळ वाटपातल्या असमानतेमुळे आम्हाला मिळत नव्हती.

पहिला उपाय मी घाईत केला आणि तो चुकीचा होता. ‘सेफ ओएसडी रीवेट’ ही आज्ञा ० ते १ यांमधला एक गुणांक घेते. सतराव्या डिस्कला मी ०.८५ दिले, म्हणजे तिच्या वाट्याला येणाऱ्या पीजींपैकी साधारण पंधरा टक्के क्रशने नाकारावेत आणि दुसरीकडे बसवावेत. पाच पीजी हलले, डिस्क ७२ टक्क्यांवर आली, इशारा गेला. पण नाकारलेले पीजी कुठे जातील हे ठरवणारासुद्धा तोच हॅश आहे. रिकामी डिस्क कोणती आणि भरलेली कोणती, याचा त्याला पत्ता नसतो. त्या पाचांपैकी एक आठव्या डिस्कवर गेला, जिथे आधीच अठ्ठावीस होते. दोन दिवसांनी एकतिसाव्या डिस्कचा आकडा टोचू लागला म्हणून तिला ०.९० दिले, तर तिथून निघालेल्या तिघांपैकी दोन पुन्हा आठव्याच डिस्कवर जाऊन बसले. असे करत करत सात डिस्कचे गुणांक मी बदलले होते, आणि आठवी डिस्क एकतीस पीजी घेऊन ९० टक्क्यांच्या उंबरठ्यावर उभी होती.

त्याच आठवड्यात, रात्री अकराच्या सुमारास, तिसऱ्या सर्व्हरमधली एक डिस्क गेली. एरवी ही आमच्याकडे काळजीची घटना नव्हे: दहा मिनिटे वाट पाहून क्लस्टर त्या डिस्कला बाहेर काढते आणि तिच्यावरच्या प्रती उरलेल्या डिस्कवर नव्याने तयार करू लागते. त्या डिस्कवर तेवीस पीजी होते. बावीस मार्गी लागले. तेविसाव्याची नवी जागा निघाली आठव्या डिस्कवर, आणि त्याच्या नावापुढे ‘बॅकफिल-टूफुल’ अशी स्थिती दिसू लागली. बॅकफिलची, म्हणजे डिस्कवर पीजी भरून घेण्याची, मर्यादा ९० टक्के असते. त्या डिस्कवर आणखी २.९ टक्के घालण्यास क्लस्टरने नकार दिला, आणि तो योग्यच होता. मर्यादा वाढवण्याची आज्ञा मी टंकलिहून ठेवली होती, पण एंटर दाबले नाही. आणखी दोन-अडीच टक्के पुढे ९५ ची भिंत होती आणि रात्रीचे बॅकअप अजून सुरू व्हायचे होते. तो एक पीजी, २३२ जीबी डेटा, रात्रभर तीनऐवजी दोनच प्रतींवर राहिला. ती रात्र मी त्या एका ओळीकडे पाहत जागून काढली. सकाळी राखीव डिस्क त्याच क्रमांकाने बसवली, पीजी आपल्या मूळ जागी परतले आणि दुपारपर्यंत तिन्ही प्रती पूर्ण झाल्या.

त्यानंतर मी रीवेटला हात न लावण्याचे ठरवले आणि बॅलन्सरकडे वळलो. डिस्कवरचे पीजींचे वाटप समान करणारा हा सेफच्या मॅनेजरमधला एक भाग आहे आणि त्याची ‘अपमॅप’ ही पद्धत २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीपासून उपलब्ध आहे. तिची कल्पना साधी आणि फार सुंदर आहे. क्रशचे उत्तर तसेच राहू द्यायचे, फक्त काही निवडक पीजींसाठी ‘या डिस्कऐवजी त्या डिस्कवर’ अशी अपवादांची छोटी यादी क्लस्टरच्या नकाशात ठेवायची. रीवेटने धक्का दिला की पीजी कुठे पडेल ते सांगता येत नाही. अपमॅपमध्ये निघण्याची आणि पोहोचण्याची अशा दोन्ही जागा आपण ठरवतो. मात्र अपवादांची ही यादी प्रत्येक क्लायंटला वाचता आली पाहिजे, नाहीतर तो चुकीच्या डिस्ककडे जाईल. म्हणून आधी ‘किमान क्लायंट ल्युमिनस’ अशी अट क्लस्टरवर लावावी लागते, आणि आमच्याकडे ती लागेना. ‘सेफ फीचर्स’ या आज्ञेने काही क्लायंट ल्युमिनसहून जुन्या ‘ज्युएल’ आवृत्तीचे असल्याचे दाखवले.

या ठिकाणी घाई करणे धोक्याचे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लिनक्स कर्नलमधल्या क्लायंटला अपमॅप ४.१३ पासून समजते. पण त्याहून नवे कर्नलही सेफला पुष्कळदा ‘ज्युएल’ म्हणूनच दिसतात, कारण ल्युमिनसची काही इतर लक्षणे ते जाहीर करत नाहीत. त्यामुळे केवळ नाव पाहून निर्णय घेता येत नाही. आम्ही क्लस्टर माउंट केलेल्या प्रत्येक यंत्रावर जाऊन कर्नलची आवृत्ती पाहिली. दोन यंत्रे खरोखरच जुनी निघाली. ती आधी अद्ययावत केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा तपासली. त्यानंतरच ती अट जबरीने लावण्याचा पर्याय वापरला. या तपासणीत चार दिवस गेले आणि त्यातला एकही तास वाया गेला असे मला वाटत नाही.

पुढची अडचण मी स्वतःच निर्माण केलेली होती. सात डिस्कचे गुणांक १ पेक्षा कमी होते, आणि बॅलन्सर कोणत्या डिस्कवर किती पीजी असावेत हे ठरवताना तो गुणांकही धरतो, ०.८५ च्या डिस्कला तो अठरा पीजी पुरेसे मानेल. सगळे गुणांक परत १ वर नेणे आवश्यक होते, पण तसे करताच सतराव्या डिस्ककडे तिचे जुने पाच पीजी परत निघाले असते आणि ती पुन्हा ८७ वर गेली असती. यावर ‘सर्न’ या संशोधन संस्थेच्या साठवण विभागाने तयार करून सर्वांसाठी खुला ठेवलेला ‘अपमॅप-रीमॅप्ड’ हा छोटा प्रोग्रॅम उपयोगी पडला. आधी ‘नोरीबॅलन्स’ हा झेंडा लावून स्थलांतर रोखले. मग सातही गुणांक १ केले. पडद्यावर ‘मिसप्लेस्ड’, म्हणजे ठरल्या जागी नसलेल्या, ऑब्जेक्टची टक्केवारी चढली, पण एक बाइटही हलला नाही. मग तो प्रोग्रॅम चालवला. जो पीजी जिथे आहे तीच त्याची योग्य जागा, असे सांगणारे अपवाद त्याने एकामागून एक नकाशात घातले, आणि ती टक्केवारी डोळ्यांदेखत उतरत शून्यावर आली. झेंडा काढला तेव्हा क्लस्टर शांत होते, गुणांक स्वच्छ होते आणि डेटा होता तिथेच होता. एवढ्या वर्षांत क्लस्टरवर केलेल्या कामांत मला इतके समाधान क्वचितच मिळाले आहे.

बॅलन्सर सुरू केला. एका वेळी पाच टक्क्यांपेक्षा जास्त डेटा तो विस्थापित ठेवत नाही, त्यामुळे काम थोड्या थोड्या टप्प्यांत झाले. तीन दिवसांनी तो थांबला आणि वाटप आधीच परिपूर्ण आहे किंवा आणखी सुधारणा सापडत नाही, अशा अर्थाचा संदेश देऊ लागला. मी तक्ता काढला. सर्वांत भरलेली डिस्क ७५ टक्के, सर्वांत रिकामी ४६. हे परिपूर्ण कसे? उत्तर ‘अपमॅप-मॅक्स-डेव्हिएशन’ या एका मूल्यात होते. आमच्याकडे ते ५ होते, म्हणजे सरासरीपासून पाच पीजींपर्यंतचा फरक बॅलन्सर चालवून घेतो. डिस्कवर दोनशे पीजी असतील तर पाचांचा फरक अडीच टक्क्यांचा. आमच्याकडे डिस्कवर एकवीस, त्यामुळे सोळापासून सव्वीसपर्यंत सगळे त्याला समानच वाटत होते, आणि आमचा एकेक पीजी जवळजवळ तीन टक्क्यांचा होता. बॅलन्सर टक्के पाहत नाही, बाइट पाहत नाही. तो पीजी मोजतो. मोजण्याचे माप जाडेभरडे असेल तर त्याने केलेली समानताही तशीच निघते. ते मूल्य १ केले आणि दोन दिवसांत प्रत्येक डिस्कवर एकवीस किंवा बावीस पीजी आले: वापर ६१ ते ६४ टक्के. ‘मॅक्स अव्हेल’ तीस टीबीच्या जवळ पोहोचले.

एका सहकाऱ्याचे म्हणणे असे होते की काम इथेच थांबवावे. आकडे त्याच्या बाजूने होते, पण मला ती डिस्क गेलेली रात्र आठवत होती. समतोल हा सगळ्या डिस्क जिवंत असतानाचा. एक गेली की तिचे एकवीस पीजी पुन्हा हॅशने वाटले जाणार, आणि ज्या डिस्कवर त्यातले तीन पडतील ती एका झटक्यात नऊ टक्के वर जाणार. तुकडे लहान असतील तर हाच भार अधिक डिस्कवर अधिक बारीक वाटला जातो. सेफमध्ये डिस्कमागे साधारण शंभर पीजी हे नेहमीचे लक्ष्य आहे. ३६ डिस्क आणि तीन प्रती धरून ते १२०० येते आणि त्याच्याजवळचा २ चा घात १०२४. घातच का, तर अधलीमधली संख्या घेतली की काही पीजी इतरांच्या दुप्पट आकाराचे राहतात, आणि मग पीजी मोजून केलेल्या समतोलाला अर्थ उरत नाही.

पीजी फोडण्यापूर्वी समतोल साधून घेतला हा क्रम महत्त्वाचा ठरला, कारण प्रत्येक स्थलांतरात नवी प्रत पूर्ण लिहिली जाईपर्यंत जुनी पुसली जात नाही आणि तोवर दोन्हींना जागा लागते. संख्या २५६ वरून १०२४ केली. मुख्य स्थलांतर सुरू होते ते पीजीपी-संख्या, म्हणजे पीजींच्या जागा ठरवताना धरली जाणारी संख्या, वाढू लागल्यावर, आणि नॉटिलसपासून ती वाढ क्लस्टर स्वतःच हप्त्याहप्त्याने करते. चारांतील तीन पीजी नव्या जागी जाणार म्हणजे सुमारे १३३ टीबी डेटा हलणार होता. त्याला बारा दिवस लागले. दिवसा प्रत्येक डिस्कवर एकच बॅकफिल, रात्री दोन, असे मी ठेवले, कारण दिवसा दोन केल्यावर छोट्या फायली उघडायला लागणारा वेळ वाढल्याच्या तक्रारी पहिल्याच दुपारी आल्या होत्या. सखोल तपासणी, म्हणजे डीप स्क्रब, तेवढ्या काळापुरती बंद ठेवली. नंतर ती मागे पडल्याचा इशारा आठवडाभर दिसत राहिला आणि आपोआप निवळला.

मधल्या काळात एका रकान्याने मला दोन दिवस चकवले. ‘पीजीज’ रकान्यात सारखे आकडे असलेल्या दोन डिस्कच्या वापरात पाच टक्क्यांचा फरक दिसत होता. फाइल सिस्टमचा मेटाडेटा ठेवणारा छोटा पूलही याच डिस्कवर आहे. त्याचे पीजी जवळजवळ रिकामे असतात, पण त्या रकान्यात तेही एक म्हणूनच मोजले जातात. ‘पीजी एलएस-बाय-ओएसडी’ने पूलनिहाय यादी काढली तेव्हा एका डिस्कवर मेटाडेटाचे सात जास्त आणि डेटाचे तेवढेच कमी आढळले. स्थलांतर संपून बॅलन्सर पुन्हा शांत झाला तेव्हा हा फरकही गेला. अखेरीस एकेक प्रत ५८ जीबीची, डिस्कच्या पाऊण टक्क्याहूनही थोडी कमी, आणि सगळ्या डिस्क ६० ते ६४ टक्क्यांच्या दरम्यान.

दोन महिन्यांनी आणखी एक डिस्क गेली, तीही रात्रीच. सकाळी येऊन पाहिले तेव्हा तिच्यावरच्या सगळ्या पीजींच्या तिन्ही प्रती पूर्ण झालेल्या होत्या आणि सर्वांत भरलेली डिस्क ६८ टक्क्यांवर होती.

वरिष्ठांना पाठवलेले ते जुने पत्र मी मागे घेतले आणि नवे लिहिले, कारण याच हिशेबाने आणखी एक गोष्ट उघड झाली होती. चारांपैकी एक अख्खा सर्व्हर गेला तर उरलेल्या तिघांना सगळा डेटा पेलावा लागेल, आणि ६२ टक्क्यांचे तिथे ८२ ते ८३ टक्के होतील. ही सरासरी झाली. नव्याने पडणाऱ्या पीजींचे वाटप पुन्हा हॅशनेच होणार, त्यामुळे काही डिस्क त्यातून ९० च्या जवळ जातील आणि काही बॅकफिल अडतील. म्हणून पत्रात पाचव्या सर्व्हरची मागणी केली, सोबत डिस्कनिहाय तक्ता जोडला, आणि ती मंजूर झाली. तो आला की आधी ‘नोरीबॅलन्स’ लावायचे, मग त्याच्या नऊ डिस्क घ्यायच्या, सगळे पीजी आहेत तिथेच अपवादांनी बांधून ठेवायचे आणि झेंडा काढून बॅलन्सरला ते अपवाद पाच-पाच टक्क्यांनी सोडवू द्यायचे, असा क्रम मी आज्ञांसह लिहून ठेवला आहे.